न सोडलेले खिळे

"बाबा, तिच्याशी ते नका बोलू," तारा म्हणाली, आणि बाळाच्या कपाळावरचा पाण्याचा थेंब पुसता पुसता रुपरावांचं बोट जागच्या जागी राहिलं. तसं पाहिलं तर काहीच झालं नव्हतं. थंडी सरत आलेली, अंगणात कोवळं ऊन पडलेलं. रुपरावांची थोरली बहीण प्रयागबाई पाय लांब करून पाटावर बसली होती आणि पायांवरच्या नातीला, ताराच्या लेकीला, नुकतंच न्हाऊ घालून तिनं टॉवेलात गुंडाळलं होतं. शेगडीवर ओवा तडतडत होता. गल्लीच्या टोकाला लाकूड चिरायच्या आरामशिनीवर सागवानाचा पहिला ओंडका चढला होता आणि तिची ती लांबच लांब किंकाळी लकडगंजात रोज सकाळी उठते तशीच उठली होती. रुपराव वाकून फक्त एकच शब्द बोलले होते: "नेलेद." म्हणजे थेंबुकला, लाडका थेंब. हा शब्द मराठीतला नव्हे, हिंदीतला नव्हे, कुठल्याच मुलखातला नव्हे. तो रुपरावांनी स्वतः केलेला होता, आणि अख्ख्या दुनियेत तो दोनच माणसांना कळत होता, एक त्यांना आणि एक त्यांच्या या लेकीला. बाळ तिसरं होईल हे त्यांनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच मनाशी धरून टाकलं होतं. आता लेकीनं हे असं म्हटल्यावर त्यांनी बोट धोतराला पुसलं, "बरं," म्हणाले आणि सायकल काढली. प्रयागबाईनं मान वर करून आधी भाचीकडं पाहिलं, मग भावाकडं, आणि बाळाचा टॉवेल पुन्हा घट्ट केला.

इतवारीतल्या छापखान्यापर्यंत सायकल आपल्याआपण गेली म्हणायची. रुपराव तिथं जुळारी होते. शिशाचे खिळे एकेक उचलून शब्द जुळवायचे, शब्दांच्या ओळी करायच्या, छापून झालं की तेच खिळे धुऊन ज्याच्या त्याच्या खणात परत सोडायचे, हे काम त्यांनी मिसरूड फुटायच्या आधी धरलं ते आता पन्नाशी गाठली तरी सुटलं नव्हतं. समोर तिरकी उभी केलेली खणाखणांची लाकडी केस. तिच्या एका अंगाला अक्षरं, एका अंगाला काने, वेलांट्या, मात्रा, उकार. लोकांना 'पाणी' हा एक शब्द दिसतो, जुळाऱ्याच्या हाताला मात्र तो सुटा सुटा लागतो, प वेगळा, काना वेगळा, ण वेगळा, वेलांटी वेगळी. आज लग्नपत्रिका होती. सीझनच होता पत्रिकांचा. कुणाची तरी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी हातातल्या स्टिकमध्ये, ओळ धरायच्या पट्टीत, अक्षर अक्षर उभी राहत होती आणि रुपरावांच्या कानात तेच वाक्य घोळत होतं. नका बोलू. ती काही रागानं बोलली नव्हती. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं, राग कसा काढायचा हे बापाला ठाऊक असतं. ती अगदी सपाट बोलली होती, एखाद्यानं उंबऱ्यावर हात आडवा धरावा तशी. परवा रविवारी जावई, केशव, सावनेरहून तिला न्यायला येणार होता. तो तिथल्या कोळसा खाणीच्या ऑफिसात होता. बारसंही सासरीच व्हायचं होतं. म्हणजे बोलायला मिळणार होते ते मधले दिवस, आणि तेवढ्यात हिनं दार लावून घेतलं. तारा गेली की ती भाषा कोणाशी बोलायची? भिंतीशी?

ती भाषा त्यांना सुचली तीही या छापखान्यापायीच. शेजारी एक उर्दू छापखाना होता. तिथले मजकूर हातानं लिहून देणारे म्हातारे कातिबसाहेब दुपारी चहाला यायचे. बोटांना शाई, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बोलायची भारी हौस. एकदा त्यांनी विचारलं, "रुपराव, ये बताओ, मैं कातिब, मैं लिखता हूँ किताब, बच्चा पढ़ता है मकतब में. इन सब में क्या एक है?" रुपरावांनी जुळाऱ्याच्या सवयीनं तीन खिळे मनातल्या मनात उचलले: क, त, ब. म्हातारा खूश झाला. "हड्डी वही, गोश्त बदलता है." मग हुकूम निघाला, हाकीम निघाला, महकमा निघाला. कचेरीच्या दारात उभ्या राहिलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडी असलेले हे शब्द एकाच हाडाचे निघाले तेव्हा रुपरावांना इतका आनंद झाला, की घरी जाऊन बायकोला कधी सांगतो असं झालं. शामलेनं पोळी लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग आपल्याले काय त्याचं?" आणि हसली. शामला हसली की तिच्या वरच्या ओठाची एक बाजू आधी उचलली जाई, दुसरी मागून येई. हे रुपरावांना आठवायचं नव्हतं. त्यांनी स्टिकमधली ओळ पाहिली. 'सौभाग्यकांक्षिणी'तली वेलांटी राहिली होती. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

शामला गेली तेव्हा तारा चार वर्षांची होती. जाण्याबद्दल रुपराव मनातही 'गेली' एवढंच म्हणत. तेरवीचं कार्ड छापायचं होतं. मालक भला माणूस, म्हणाला दुसऱ्याला देऊ मजकूर, तुम्ही घरी थांबा. रुपरावांनी ऐकलं नाही. त्यांनी स्वतः उभं राहून ते कार्ड जुळवलं, बायकोचं नावही जुळवलं, हात जराही हलला नाही. छापून झालं, मजकूर रॉकेलनं धुतला, आणि खिळे सोडायला बसले तेव्हा मात्र काय झालं कोण जाणे. 'शामला'तले दोन काने त्यांनी कान्यांच्या खणात टाकले. काने सगळ्यांनाच लागतात, ते कोणाचे नसतात. श, म आणि ल हे तीन खिळे उरले, आणि त्यांना त्यांच्या खणात टाकायला हात पुढं होईना. टाकले असते तर उद्या ते दुसऱ्या कोणाच्या नावात गेले असते, साबणाच्या जाहिरातीत गेले असते, शर्यतीच्या हँडबिलात गेले असते. त्यांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवले. रात्री सदरा खुंटीला, सकाळी खिळे नव्या सदऱ्यात. सुरुवातीला जड लागले, मग खिसाच तसा असतो असं वाटायला लागलं. छापखान्यात कोणाला कळलं नाही. केसमध्ये श कितीतरी होते.

आणि त्यानंतरच्याच आठवड्यात भाषा सुरू झाली. पोर रोज दाराशी जाऊन उभी राही. प्रयागबाई तिला सांगे, माय मावशीच्या घरी गेली. शेजारीण सांगे, देवाच्या घरी गेली. पोरीला दोन घरांचा हिशेब लागेना. एक दिवस ती रुपरावांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आई कुठं गेली?" रुपरावांच्या तोंडून जे बाहेर आलं ते उत्तर नव्हतं. "नलद," ते म्हणाले. कुठून आलं देव जाणे. पोरगी चमकली. "म्हंजे?" "म्हंजे पाणी. आता आपली भाषा हाय, फक्त तुही अन् माही. न, ल, द, हे पाण्याचं हाड. आता त्याले चाल लावू." मग त्यांनी चाली लावून दाखवल्या, कारण शब्दाला चाल लावली की त्याचं काम बदलतं. नलद म्हणजे पाणी. नालीद म्हणजे पाणी भरणारा. नुलाद म्हणजे पाण्याची जागा, मग तो नळ असो, विहीर असो की तलाव असो. निलूद म्हणजे आटून गेलेलं. आणि नेलेद म्हणजे छोटंसं, लाडकं, थेंब. पोर टाळ्या पिटत अंगणभर नाचली आणि आईचं विसरली. निदान तसं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

दुपारी रुपराव डबा न उघडताच बाकावर बसून राहिले. भुकेचं हाड ग-त-व. ते केव्हा काढलं? पोळा होता, शेजारच्या बाया लेकरांना ओवाळत होत्या, तारा घरात येऊन म्हणाली, मले आई काहून ओवाळत नाही. तेव्हा. आणि रुसण्याचं झ-र-प? तिच्या शाळेत कोणीतरी तिला बिनमायची म्हणालं होतं, ती दाराआड जाऊन बसली होती, तेव्हा. झारीप म्हणजे रुसणारी, झुराप म्हणजे रुसून बसायची जागा, झिरूप म्हणजे रुसवा गेलेलं तोंड. तारा झुरापमधून हसत बाहेर आली होती. उन्हाचं हाड, संत्र्याचं हाड, सायकलचं, आरामशिनीच्या आवाजाचं. एकेक हाड त्यांनी बोटांवर घेतलं आणि प्रत्येकाच्या मागं तेच एक तोंड वर करून उभं असलेलं त्यांना दिसलं. तिनं विचारायचं आणि आपण नवं हाड काढायचं. असं करत करत पोरगी विचारायची थांबली, आणि भाषा मात्र केवढी तरी झाली. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की आपण लेकीला काहीतरी दिलं. त्या भाषेत आई हा शब्द नव्हता. मरण्याचं हाड नव्हतं. दवाखान्याचं नव्हतं. हे काही विसरून राहिलेलं नव्हतं, त्यांनी जाणूनबुजून टाळलेलं होतं. जो खिळा केसमध्ये नाही त्याचा शब्द जुळत नाही, हे जुळाऱ्याचं साधं गणित. केस आपली, भरणारे आपण. श, म, ल ही अक्षरं त्यांनी एका हाडात एकत्र कधी येऊच दिली नाहीत. जुळणारच नाही तर दुखणार कुठून, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं होतं.

एक गोष्ट मात्र आठवली की अजून चटका बसे. तारा सातआठ वर्षांची झाल्यावर एकदा तिनं हिशेब मांडला. "बाबा, आपल्या भाषेत सगळ्यांले तीन हाडं लागतात. माह्या नावात दोनच हायेत. त अन् र. तिसरं कुठाय?" रुपराव हसले होते. म्हणाले होते, "असू दे, तुले दोनच पुरे." ती हसली नव्हती. ती बराच वेळ आपल्या नावाकडं पाटीवर पाहत बसली होती, एखाद्याचा दात पडल्यावर जीभ सारखी तिथं जाते ना, तशी. त्या वेळी त्यांना वाटलं होतं पोर हुशार आहे.

दुसऱ्या दिवशी शनिवार. छापखान्यातून येताना त्यांनी लाडवांसाठी खारका घेतल्या. घरी आले तेव्हा अंगणात कोणी नव्हतं, आतल्या खोलीत पाळण्याची दोरी कुरकुरत होती. चप्पल काढायला ते दाराशी वाकले, आणि तेवढ्यात ताराचा आवाज आला. हळू, ओठांतल्या ओठांत, फक्त बाळासाठी काढलेला. "शेमेल," ती म्हणत होती. "शेमेल, निज आता. शेमेल."

रुपराव वाकलेल्याचे वाकलेलेच राहिले. त्यांच्या भाषेत न आलेला शब्द त्यांच्याच भाषेत कोणीतरी बोलत होतं. चाल ओळखीची होती, ए आणि ए, छोटं आणि लाडकं, नेलेदचीच चाल. हाडं त्यांनी काढलेली नव्हती. कातिबसाहेब म्हणत, या घडणीची मजा अशी की कधी न ऐकलेला शब्दही हाडं ठाऊक असली की आपल्याआपण उघडतो, कुणाला अर्थ विचारावा लागत नाही. रुपरावांनी ही मजा लेकीला किती हौसेनं शिकवली होती. आता ती त्यांच्यावरच उलटली. ते नको नको म्हणेपर्यंत शब्द उघडून मोकळा झाला. श. म. ल. छोटी शामला. लाडकी शामला. त्यांनी हात खिशावर दाबला. खिळे होते, तिन्ही होते. म्हणजे हिनं खिळ्यांवाचून जुळवला. कधीपासून? कालपासून की लहानपणापासून? आपण ज्या खोलीला कुलूप घातलं असं समजत होतो तिथं ही पोरगी कधीपासून ये-जा करत होती? बाळाशी ते बोलू नका म्हणाली, आणि स्वतः बोलत होती. आत जावं, विचारावं, असं वाटलं. पण त्यांनी खारकांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाय न वाजवता अंगणात येऊन बसले.

दिवेलागणीला जेवताना रुपराव पोळी नुसतीच कुस्करत बसले. प्रयागबाईनं दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पोळीचं ताट बाजूला सारलं. "काहून गा रुपराव, जेवून काहून नाही राहिला?" आवाज खाली आणून ती म्हणाली, "हे पाय, मले तुले एक सांगाचंच होतं. तारेले माहीत पडलं." "काय माहीत पडलं?" "शामला कशी गेली ते. दवाखान्यात नर्सनं विचारलं, हिच्या मायले बाळंतपणाचा काही तरास होता का. म्या सांगून टाकलं, हो बाई, हिची माय बाळंतपणातच गेली, रक्त थांबलं नाही. मले काय ठाऊक, तू पोरीले कधी सांगतलंच नाही म्हून. ती टेबलवर होती गा. कळा देऊन राहिली होती. तिनं मान वळवून माह्याकडं असं पाह्यलं, का मले आजही..." तिनं वाक्य सोडून दिलं आणि पदरानं नाक पुसलं. "एवढी मोठी झाली पोर, लगन झालं तिचं. मी समजत होती तू सांगतलं असशील. तुम्ही दोघं तर दिवसभर काहीबाही बोलतच राहा ना."

काहीबाही. रुपरावांनी ताटात पाणी ओतून हात धुतला. दिवसभर बोलत असत हे खरंच होतं. सायकलवर बोलत, बाजारात बोलत, ताराच्या सासरी पहिल्यांदा गेले तेव्हा सगळ्या पाहुण्यांच्या मध्ये बसून ते तिच्याशी एक शब्द बोलले होते आणि ती एकटीच हसली होती, तेव्हा त्यांना केवढा अभिमान वाटला होता. आणि इतकं बोलून पोरगी त्या टेबलावर गेली तेव्हा तिच्याजवळ काहीच नव्हतं. बाप लग्नात लेकीला भांडी देतो, लुगडी देतो, तुझी आई अशी गेली म्हणून डॉक्टरला आधी सांग, जीव सांभाळ, एवढं तरी सांगतो. हे तिला कळलं ते नर्सच्या प्रश्नापायी, परक्या बाईसमोर, कळांच्या मध्ये. रुपरावांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी मनाशी वाक्य जुळवायला घेतलं. त्यांच्या भाषेत ते जुळेना, तिथं हाडंच नव्हती. मराठीत जुळवायला घेतलं तर पहिलाच शब्द हातातून निसटे. आणि उद्या केशव येणार. तारा गाडीत बसणार, पदर सावरून हात हलवणार, दिवाळीला येणार, बाबा कसे आहात विचारणार. सगळं नीट होईल. फक्त ती पुन्हा कधी त्यांना काही विचारणार नाही, आणि त्यांना काही सांगणारही नाही. त्यांना ते आताच दिसत होतं.

रविवारी सकाळी तारा बाळाला मांडीवर घेऊन अंगणात उन्हाला बसली होती. बांधलेल्या वळकट्या ओट्यावर होत्या. प्रयागबाई आत शिदोरीच्या दशम्या करत होती. आज सुट्टी, आरामशीन बंद, त्यामुळे गल्ली उगाचच मोठी वाटत होती. रुपराव येऊन लेकीसमोर पाटावर बसले. गुडघे वाजले. त्यांनी बाळाकडं पाहिलं नाही, लेकीकडंही पाहिलं नाही, शेगडीतल्या राखेकडं पाहिलं.

"तारे," ते म्हणाले, "तुही माय मेली."

ताराचा बाळाला थोपटणारा हात थांबला. हा शब्द रुपरावांच्या तोंडून या घरात आजवर निघालेला नव्हता. तो निघाल्यावर पुढचे त्याच्या मागोमाग यायला लागले. "बाळंतपणात मेली. दुसऱ्या खेपेले. पोरगा होता. तो तिच्या आधी गेला, त्यानं डोळेही उघडले नाही. दुपार होती. मी व्हरांड्यात बसून होतो. नर्स आली अन् म्हणे, रक्त थांबत नाही, तुम्ही आत या. मी आत गेलो. ती शुद्धीवर होती. तिनं तुहं नाव घेतलं. म्हणे, तारेले आणा. मी आत्याले घरी धाडलं, तुले आणायले."

"मले?" तारा म्हणाली.

"तुले. आत्यानं आणलं तुले. टांग्यातून आणलं. तवरक ती गेली होती. तू आत्याच्या खांद्यावर झोपून होती. तोंड उघडं, लाळ गळून राहिली होती तुही. आत्या म्हणे, उठवू का? दाखवू का मायले? मी म्हटलं, नको, झोपू दे." त्यांचा आवाज इथं फुटला, पण त्यांनी तो थांबवला नाही. "म्या तुले उठवलं नाही, तारा. तू तिथं होती अन् म्या तुले उठवलं नाही. मंग तू जेव्हा जेव्हा विचारलं, मले तेच दिसे. तुहं झोपलेलं तोंड. मले सांगता आलं नाही."

आत दशमी करपल्याचा वास आला आणि गेला, म्हणजे प्रयागबाई ऐकत होती. ताराच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती पुसत नव्हती. "मले वाटे, तापानं गेली," ती शेवटी म्हणाली. "कोणी सांगतलं नव्हतं, म्या आपलं ठरवलं होतं, ताप. शाळेत कोणी विचारलं का ताप सांगो. दवाखान्यात आत्या बोलली, अन् मले वाटलं, आता मी पण. बाबा, मी रागावली नाही तुमच्यावर. मी भ्याली. एवढी भ्याली का काही सांगता सोय नाही. अन् मंग ही झाली, नर्सनं हिले माह्या छातीवर ठेवलं, तेव्हा मी म्हटलं, इच्याशी ती भाषा नाही बोलायची. त्या भाषेत मी लहानाची मोठी झाली, अन् त्या भाषेत माही माय नाही."

"पण तू तर शेमेल म्हणते इले," रुपराव म्हणाले.

तारानं वर पाहिलं. आता चोरी पकडली गेल्यासारखं तिचं तोंड झालं, लहानपणी व्हायचं तसंच. "ऐकलं तुम्ही?" "ऐकलं." "तो माहा शब्द हाय. तुम्ही नाही दिला म्हून मीच केला. खूप आधी केला. पहिला शब्द शेमेल नव्हता. पहिला होता शुमाल."

उ आणि आ. जागेची चाल. नुलाद पाण्याची, झुराप रुसून बसायची, आणि शुमाल शामलेची जागा, जिथं शामला असते ती. रुपरावांचं मन सैरावैरा फिरून आलं. गंगाबाई घाटावरचं स्मशान? पण पोरीला तिथं नेलंच नव्हतं. दवाखान्याचा तो व्हरांडा? भिंतीवरचा फोटो? शामलेची पेटी, तिच्यातली ती हिरवी साडी?

"कुठं?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ विचारत होते.

तारानं बाळाला एका हातात सावरलं, दुसरा हात पुढं केला आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर ठेवला. "इथं," ती म्हणाली. "तुम्ही मले उचलून घेत, तेव्हा हे माह्या गालाले टोचत. रोज टोचत. मले वाचता याले लागलं तेव्हा एकदा तुम्ही दुपारी झोपले होते, मी काढून पाह्यले. अक्षरं उलटी होती, खिळ्यावर असतात तशी. मी खिळे आरशासमोर धरले. मंग जागच्या जागी ठेवून देल्ले." तिचा हात अजून तिथंच होता. "मले वाटे, माह्या नावातलं तिसरं हाड तुमच्याजवळ हाय. तुम्ही जपून ठेवलं. द्यायले विसरले."

रुपराव रडले, चांगले घोगऱ्या आवाजात, खांदे हलवत रडले, आणि आतून प्रयागबाई आली नाही, हे तिचे मोठे उपकार झाले. वीस वर्षं ज्याला कोणी हात लावला नाही असं त्यांना वाटत होतं तिथं एका पोरीचा गाल रोज टेकत होता. त्यांनी खिशातून तीन खिळे काढले. झिजून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या, आता छापले असते तर अक्षर नीट उठलं नसतं. ते त्यांनी ताराच्या तळहातावर ठेवले. तिनं मूठ मिटली, थोडा वेळ तशीच धरली, मग उघडली, आणि एक खिळा ठेवून घेऊन उरलेले दोन पुन्हा त्यांच्या खिशात टाकले. कोणता ठेवला ते त्यांनी पाहिलं नाही.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षाची घंटी वाजली. केशव आला असावा. तारानं डोळे पुसले, पदर नीट केला आणि बाळाला उचलून रुपरावांच्या मांडीवर दिलं. बाळ जागं होतं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तोंड वाकडं करत होतं, आणि वाकडं करताना वरच्या ओठाची एक बाजू आधी उचलली गेली, दुसरी मागून आली. रुपरावांनी हात आडवा धरून तिच्यावर सावली केली.

"बोला आता," तारा म्हणाली.

हाडं ठाऊक होती, चाल त्यांची स्वतःची होती, पण जिभेला हा शब्द ठाऊक नव्हता. "शेमेल," ते म्हणाले. आवाज चिरका आला, श नुसताच वारा झाला.

"असा नाही. श जरा हळू," तारा म्हणाली. "पुन्हा म्हणा."

त्यांनी पुन्हा म्हटलं.